काळ्या वाळूची चाचणी कुणी करायची?

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे शिरोली एमआयडीसी लागते. इथल्या फौंड्रींतून निघालेली कास्टिंग्ज ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि इंजिनांत बसून देशभर जातात. कास्टिंग गेल्यावर मागे राहते ती काळी वाळू. साच्यात पुन्हा पुन्हा वापरून निकामी झालेली ही वाळू कुठे टाकायची, हा कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाचा जुना प्रश्न आहे. रस्त्याकडेचे खड्डे, पडीक जागा, शेताचे बांध अशा ठिकाणी ती पडलेली सगळ्यांनी पाहिली आहे.

दुसरीकडे बांधकामाला वाळू मिळत नाही. नदीपात्रातील उपशावर निर्बंध आले, भाव वाढले आणि क्रश सँड सर्रास वापरात आली. मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले आणि अशा वाळूवरील स्वामित्वधन ब्रासमागे 600 रुपयांवरून 200 रुपयांवर आणले. सातारा ते कागल महामार्गाचे सहापदरीकरण, गावोगावचे काँक्रीट रस्ते, घरकुले, गटारी, अंगणातले पेव्हिंग ब्लॉक या सगळ्यांना वाळू हवी आहे. एका उद्योगाला वाळू नकोशी झाली आहे आणि दुसऱ्याला ती पुरत नाही. मग फौंड्रीची वाळू काँक्रीटमध्ये का घालू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. या प्रश्नाचे उत्तर देताना ब्लॉकची ताकद तपासली जाते. ती वाळू हाताळणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाची तपासणी मात्र बहुतेक वेळा हिशेबात धरली जात नाही.

काँक्रीट म्हणजे नेमके काय?

सिमेंट, पाणी, वाळू आणि खडी हे काँक्रीटचे चार मूळ घटक. त्यात हल्ली रसायने आणि राखही मिसळतात. आकारमानाने पाहिले तर काँक्रीटचा साधारण 60 ते 75 टक्के भाग वाळू आणि खडीचाच असतो. मोठ्या खडीतील पोकळी लहान खडी भरते, तिच्यातील पोकळी वाळू भरते आणि उरलेल्या फटींत सिमेंटची लुकण जाऊन सगळे एकत्र बांधते. ही रचना जितकी दाट, तितके काँक्रीट पक्के.

सिमेंट 'वाळते' असे आपण म्हणतो, पण ते वाळून घट्ट होत नाही. पोर्टलँड सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून सूक्ष्म जाळ्यासारखा नवा पदार्थ तयार होतो. तोच काँक्रीटची ताकद. या क्रियेत उष्णता आणि चुनाही बाहेर पडतो. म्हणून स्लॅब टाकल्यावर काही दिवस त्यावर पाणी मारावे लागते. पाणी आटले की क्रिया थांबते आणि ताकद अर्धवट राहते. भारतीय मानक आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि राख किंवा मळी मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस क्युरिंग हवे. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर याहून अधिक. आज बाजारात बहुतेक पोती मिश्र सिमेंटची असतात, तरी चौथ्या-पाचव्या दिवशी पाईप गुंडाळून ठेवला जातो.

पाण्याचे दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये दाखवून दिले की, साहित्य तेच असेल तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. रासायनिक क्रियेला लागते त्यापेक्षा जास्त घातलेले पाणी नंतर उडून जाते आणि आपल्या जागी बारीक छिद्रे ठेवून जाते. पाणी-सिमेंट प्रमाण 0.5 म्हणजे 50 किलोच्या एका पोत्यामागे 25 लिटर पाणी. ओल्या वाळूत आधीच असलेले पाणीही यातच मोजायचे असते. माल हलका पडावा, लवकर पसरावा म्हणून मिक्सरमध्ये ओतलेली एक जादा बादली ही या हिशेबातली सर्वांत मोठी चूक असते. ती त्या दिवशी दिसत नाही. पुढे त्या छिद्रांतून हवा आणि ओल आत शिरते, सळईला गंज चढतो, गंज फुगतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात.

चाचणी आणि तिचा उशीर

काँक्रीटची पहिली चाचणी जागेवरच होते. 300 मिलिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत ताजा माल थराथराने भरून ठासायचा, शंकू वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचे. याला स्लम्प म्हणतात. त्यावरून मालात पाणी जास्त आहे का, याचा अंदाज काही मिनिटांत येतो. दुसरी चाचणी घनाची. 150 मिलिमीटर बाजूचे तीन घन भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि 28 व्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. एम 20 काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सहन करणारे काँक्रीट. असा एक घन फोडायला सुमारे 46 टनांचा भार लागतो. सळईच्या काँक्रीटसाठी यापेक्षा कमी प्रत चालत नाही. नमुने किती घ्यायचे हेही ठरलेले आहे. 5 घनमीटरपर्यंत एक, 15 पर्यंत दोन, 30 पर्यंत तीन, 50 पर्यंत चार आणि पुढे प्रत्येक 50 घनमीटरमागे आणखी एक. एक नमुना म्हणजे तीन घन. तिघांपैकी एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त भटकला, तर तो नमुनाच ग्राह्य धरत नाहीत.

या चाचणीची अडचण अशी की, अहवाल 28 दिवसांनी हाती येतो. तोवर वरचा मजला चढलेला असतो. ऑपरेशन होऊन रुग्ण घरी गेल्यावर गाठीचा तपासणी अहवाल यावा, तसा हा प्रकार. शिवाय घन चांगल्या मालाचे भरले आणि स्लॅबला दुसराच माल गेला, तर यंत्र खरे बोलूनही इमारत खोटी राहते. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा जीव गेला. ती जेमतेम सात वर्षांची होती. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत पडली, तेव्हा 74 माणसे गेली. ती तर अजून बांधलीच जात होती. अशा दुर्घटनांनंतर दाब पडून चिरडलेले पाय, मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण, धुळीने गुदमरलेली मुले रुग्णालयात येतात. काँक्रीटची चाचणी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, तो याच अर्थाने.

वाळू फौंड्रीत जाऊन काय होते

फौंड्रीत साचा करायला चांगली सिलिका वाळू लागते. वितळलेल्या लोखंडाची उष्णता सोसणारी ही वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ. सिंधुदुर्गातील कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात अशा वाळूच्या खाणी आहेत. ही वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि थोडे पाणी मिसळून साच्याची 'ग्रीन सँड' तयार होते. रंगाने ती काळी असते, 'ग्रीन' म्हणजे ओली एवढाच अर्थ. पोकळ भागांसाठी लागणारे कोअर फिनॉलिक किंवा फ्युरान रेझीन घालून घट्ट केलेल्या वाळूचे असतात. लोखंड ओतले, कास्टिंग थंड झाले की साचा फोडतात, वाळू चाळतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा वापरतात. काही फेऱ्यांनंतर कण झिजतात, फुटतात, जळालेल्या मातीचे पापुद्रे त्यांना चिकटतात. मग ती वाळू बाहेर काढावी लागते.

काँक्रीटच्या नजरेने या वाळूत चार दोष संभवतात. पहिला, बेंटोनाइट पाणी पिऊन फुगते. त्यामुळे तोच माल पसरायला जास्त पाणी मागतो आणि जादा पाण्याचे परिणाम वर आलेच आहेत. दुसरा, कोळशाची पूड आणि न जळलेले रेझीन सिमेंटच्या क्रियेत अडथळा आणू शकतात. तिसरा, लोखंडाचे बारीक तुकडे नंतर गंजून ब्लॉकवर तांबूस डाग पाडतात, पृष्ठभागाचे टवके उडवतात. चौथा, फ्युरान पद्धतीत गंधकयुक्त आम्ल वापरले जाते. त्यातून येणारे सल्फेट काँक्रीटला आतून फुगवून तडे पाडू शकते. म्हणूनच काँक्रीटमधील एकूण सल्फेट सिमेंटच्या वजनाच्या 4 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे.

म्हणून ही वाळू काँक्रीटमध्ये चालतच नाही, असे नाही. पटियाळाच्या थापर संस्थेतील रफत सिद्दीक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैसर्गिक वाळूच्या 10, 20 आणि 30 टक्के जागी वापरलेली फौंड्री वाळू घातली होती. ताकद घटली नाही, उलट किंचित वाढली. मात्र तो निष्कर्ष त्या वाळूचा. प्रत्येक फौंड्रीची वाळू वेगळी. एकीकडे बेंटोनाइट जास्त, दुसरीकडे रेझीन, तिसरीकडे पितळाचे ओतकाम. पाच ठिकाणच्या वाळू एका ट्रॉलीत भरून आणल्या की कोणत्याही अभ्यासाचा आधार उरत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2014 मध्ये याच प्रश्नाचा जोखीम अभ्यास केला. लोखंड, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फौंड्रीतील सिलिका वाळू मातीशी संबंधित काही कामांत वापरता येईल, असे त्या संस्थेचे मत पडले. पितळ आणि कांशाच्या फौंड्रीतील वाळू तिने यातून वगळली, कारण तिच्यात शिशासारखे धातू असू शकतात. कोणत्या भट्टीची वाळू आहे, हा प्रश्न पहिला का विचारायचा, ते यावरून कळते. भारतीय मानक आयएस 383 मध्येही 2016 च्या सुधारणेत लोखंड, पोलाद आणि तांब्याची मळी, राख, तोडलेल्या जुन्या काँक्रीटची खडी अशा पर्यायी मालाला मर्यादा घालून जागा दिली आहे. टाकाऊ माल वापरण्याला मानकांचा विरोध नाही. त्यांची अट आहे ती मोजमापाची.

फुफ्फुसाचे मोजमाप

इथपर्यंतची चर्चा इंजिनिअरांना परिचित आहे. पुढचा भाग डॉक्टरांच्या ओपीडीत उघडा पडतो.

वाळूचा अख्खा कण माणसाच्या फुफ्फुसात खोल जाऊ शकत नाही. तो नाकात, घशात अडकतो. धोका असतो तो चार मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या भागाइतक्या धुळीचा. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हवेत तासन्‌तास तरंगते. साचा फोडताना, कास्टिंगला ग्राइंडर लावताना, शॉट ब्लास्टिंगच्या यंत्राचा दरवाजा उघडताना, वाळू चाळताना, दिवसाच्या शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने जमीन किंवा कपडे झाडताना ती तयार होते किंवा उडते. कण जितका ताजा फुटलेला, तितका फुफ्फुसाला जास्त घातक.

हे क्वार्ट्झचे कण वायुकोशांत पोहोचले की शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात. पण ते पचत नाहीत. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात तिथे व्रणासारख्या गाठी तयार होतात आणि फुफ्फुस कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. बहुधा दहा-वीस वर्षांच्या कामानंतर तो दिसू लागतो, धूळ फार असेल तर त्याआधीच. काम सोडले तरी तो पुढे वाढू शकतो. फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकाची धूळ 1997 मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली.

सिलिकोसिसचे आणखी एक जवळचे नाते क्षयाशी आहे. सिलिकाने दुबळ्या झालेल्या फुफ्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. दोन्हींचे डाग एक्स-रेमध्ये बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. खोकला, दम, वजन घटणे ही लक्षणेही सारखीच. त्यामुळे थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात, सहा महिने संपतात, दम तसाच राहतो आणि पुन्हा औषधे सुरू होतात. रुग्ण काय काम करतो, हे केसपेपरवर लिहिलेलेच नसते. 'मजुरी' एवढाच शब्द असतो. मजुरी कुठे, कोणत्या यंत्रावर, किती वर्षे, हे तीन प्रश्न विचारले तर अनेक निदाने बदलतील. कोल्हापूरच्या फौंड्रीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत. दम वाढला की ते गावी जातात. तिथल्या डॉक्टरला शिरोली माहीत नसते आणि शिरोलीला त्या रुग्णाचा पत्ता राहत नाही. रोग नोंदींत दिसत नाही याचा अर्थ तो नाही, असा काढता येत नाही.

मर्यादांचे आकडे पाहा. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात श्वसनयोग्य धुळीची मर्यादा एका सूत्राने ठरवली होती. दहाला, क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे. धूळ पूर्ण क्वार्ट्झची असेल तर उत्तर येते घनमीटरला सुमारे 0.1 मिलिग्रॅम. अमेरिकेने 2016 मध्ये स्वतःची मर्यादा 0.05 मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे आपल्या निम्म्यावर. कास्टिंग साफ करायला वाळूचा मारा करण्याची पद्धत ब्रिटनने 1949 च्या नियमांनीच बंद केली. पण मर्यादा कोणतीही असो, ती पाळली जाते की नाही हे कामगाराच्या अंगावर पंप लावून हवा मोजल्याशिवाय कळत नाही.

ब्लॉकच्या कारखान्यात तीच धूळ

आता काळी वाळू पेव्हिंग ब्लॉकच्या शेडमध्ये गेली असे समजा. इथे एक स्थानिक बाब लक्षात घ्यायला हवी. आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मोकळे क्वार्ट्झ फारच कमी असते. त्यामुळे बेसाल्टची खडी आणि क्रश सँड यांची धूळ दमा आणि जुनाट खोकला वाढवते, पण तिच्यातून सिलिकोसिस होण्याचा धोका क्वार्ट्झच्या मानाने कमी. फौंड्रीची वाळू मुळातच क्वार्ट्झची. तिचे फुटलेले बारीक कण आधीच तयार असतात. ही वाळू कोरडी असताना फावड्याने मिक्सरमध्ये टाकली, चाळणीवर उडवली किंवा तिचे ब्लॉक नंतर कटरने कोरडेच कापले, तर फौंड्रीच्या भिंतीआड असलेला धोका गल्लीबोळांत, अंगणांत आणि विनामास्क काम करणाऱ्या गवंड्याच्या नाकापर्यंत पोहोचतो. फौंड्रीत निदान धूळ ओढणारे यंत्र बसवण्याची सक्ती तरी करता येते. ब्लॉक कापणाऱ्या दोघांना ती कोण करणार?

बारीक पुडीचा प्रश्न क्रश सँडलाही आहे. 75 मायक्रॉनपेक्षा बारीक पूड नैसर्गिक वाळूत 3 टक्के आणि क्रश सँडमध्ये 15 टक्क्यांपर्यंत चालते. ही पूड जास्त झाली की काँक्रीट पाणी जास्त मागते आणि हवेतही धूळ वाढते. वाळू धुऊन, ओली ठेवून वापरली तर घनही सुधारतो आणि फुफ्फुसही वाचते. काँक्रीट आणि आरोग्य यांचे हित इथे एकच आहे, हे ठेकेदारांना सांगण्यासारखे आहे.

सिमेंटचा त्रास वेगळा. ओल्या सिमेंटचे सामू 12 ते 13, म्हणजे तीव्र अल्कली. आम्लासारखे ते लगेच झोंबत नाही. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून किंवा गमबुटात माल शिरलेला असताना काम केले, तर संध्याकाळी कातडी भाजल्यासारखी दिसते आणि जखम खोल गेलेली असते. सिमेंटमधील सहासंयुजी क्रोमियममुळे हातांना हट्टी खाजेचा इसब होतो. तो एकदा जडला की थोड्याशा सिमेंटनेही उफाळतो आणि गवंड्याला धंदा सोडावा लागतो. युरोपीय संघाने जानेवारी 2005 पासून सिमेंटमधील या क्रोमियमवर दशलक्ष भागांत 2 भाग अशी मर्यादा घातली. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून हे साधते, म्हणजे उपाय महागही नाही. सिमेंट डोळ्यांत उडाले तर तत्काळ किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. लिंबू, तूप, खोबरेल तेल काहीही घालू नये.

जबाबदारी कुणाकडे

या साखळीत फौंड्री, वाहतूकदार, ब्लॉकवाला, ठेकेदार, ग्रामपंचायत किंवा महापालिका आणि शेवटी घरमालक असे सहा दुवे आहेत. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. फौंड्रीवाला म्हणतो, वाळू दिली, ती त्याची. ब्लॉकवाला म्हणतो, घन पास झाला. ठेकेदाराला दर परवडायला हवा. छोट्या फौंड्रीची अडचणही खोटी नाही. वाळू भाजून, घासून पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचे तंत्र उपलब्ध आहे, पण ते एकट्या लहान कारखान्याला झेपत नाही. औद्योगिक संघटना, एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिळून सामायिक सोय वाढवणे हाच त्यावरचा मार्ग आहे. वाळू जितकी जास्त फेऱ्या वापरली जाईल, तितकी ती बाहेर कमी पडेल. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस अडली. अशा पूरक्षेत्रात उघड्यावर टाकलेली वाळू शेवटी नदीतच जाते, हे वेगळे सांगायला नको.

जी वाळू बाहेर द्यायचीच आहे, तिच्यासोबत एक कागद जायला हवा. कोणत्या भट्टीची वाळू, कोणते बंधक वापरले, जळण्याने वजनात किती घट येते, मातीचे प्रमाण किती, पाण्यात कोणते धातू आणि फिनॉल उतरतात. त्या आधारे ब्लॉकवाल्याने मिश्रणाचे प्रमाण ठरवायचे, आधी लहान घाणा करून घन फोडायचे आणि मगच उत्पादन करायचे. सुरुवात सळई नसलेल्या ब्लॉक, कर्ब यांसारख्या कामांत व्हावी. घराचा कॉलम, बीम, स्लॅब ही प्रयोगाची जागा नव्हे.

कामगारांच्या बाजूने कायदा आहे. सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ही जबाबदारी कायम आहे आणि ती कारखान्याप्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे. या संहितेने मालकावर मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचे कर्तव्य टाकले आहे. त्याच वेळी विजेवर चालणाऱ्या 'कारखान्या'च्या व्याख्येतील कामगारसंख्या 10 वरून 20 झाली. बारा-पंधरा माणसांवर चालणारे फेटलिंगचे शेड तपासणीच्या नजरेतून निसटू नये, याकडे म्हणूनच लक्ष ठेवावे लागेल. ईएसआयचे सदस्य असलेल्या कामगाराला सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून लाभ मिळू शकतो. बांधकाम कामगारांनी राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी नसेल तर आजार आल्यावर कागद जमवत फिरण्याची वेळ येते.

घर बांधणाऱ्यांनी आणि कामगारांनी

घरमालकाला प्रयोगशाळा नको, पण काही गोष्टी तो स्वतः पाहू शकतो. काचेच्या उभट ग्लासात वाळू आणि मिठाचे पाणी घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे. वर बसलेला मातीचा थर जाड दिसला तर ती गाडी परत पाठवावी. वाळू काळीभोर, हाताला कोळशासारखी काळी लागणारी असेल तर ती कुठून आली ते विचारावे. पोत्यामागे पाणी लिटरमध्ये मोजायला लावावे. स्लॅबच्या दिवशी आपल्यासमोर घन भरून घ्यावेत, त्यांवर तारीख कोरावी आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत. सात दिवसांच्या चाचणीत 28 दिवसांच्या ताकदीचा साधारण दोन तृतीयांश भाग दिसायला हवा. तो फारच कमी असेल तर वरचे काम थांबवून इंजिनिअरला बोलवावे. ब्लॉक घेताना त्याच्या प्रतीचा चाचणी अहवाल मागावा.

कामगारांसाठी तोंडाला बांधलेला रुमाल सिलिकाची धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन 95 किंवा त्याहून चांगला मास्क हवा, पण तो शेवटचा उपाय. आधी धूळ ओली करणे, ओढून घेणे, यंत्र झाकणे हे मालकाचे काम. हवेच्या झोताने झाडलोट करू नये. धुळीचे कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. विडी-सिगारेट सोडावी, कारण धूळ आणि धूर एकत्र आले की फुफ्फुसाचा र्‍हास वेगाने होतो. पाच वर्षांहून अधिक काळ फौंड्रीत किंवा दगडाच्या धुळीत काम केले असेल, तर दम नसला तरी छातीचा एक्स-रे आणि श्वसनक्षमतेची चाचणी करून घ्यावी. तो एक्स-रे जपून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या एक्स-रेशी तुलना करायला तो लागतो. डॉक्टरकडे गेल्यावर आपले काम 'मजुरी' असे न सांगता फौंड्रीत कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे.